आयपीएसएस-एम गणकयंत्र: एमडीएसच्या रुग्णाची जोखीम मोजणारे मोफत साधन

एमडीएस, म्हणजे मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, हा अस्थिमज्जेतून सुरू होणारा रक्तकर्करोग आहे, आणि घरात कोणाला तो झाल्याचे कळेपर्यंत बहुतेक कुटुंबांनी त्याचे नावही ऐकलेले नसते. हिमोग्लोबिन हळूहळू उतरत जाते, लोहाच्या आणि बी-१२ च्या गोळ्यांनी फरक पडत नाही, पुढे प्लेटलेटही कमी भरू लागतात आणि अखेर डॉक्टर बोन मॅरोची तपासणी करायला सांगतात. निदान झाल्यावर घरातल्या सगळ्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो पुढे काय होणार हा. या आजारात त्याचे उत्तर माणसागणिक फार वेगळे असते. कोणी दहा-दहा वर्षे नुसत्या रक्ततपासणीवर आणि अधूनमधून रक्त चढवून काढतो, तर कोणाचा आजार वर्षाच्या आत तीव्र रक्तकर्करोगात, म्हणजे एएमएलमध्ये, बदलतो. रुग्ण यांपैकी कोणत्या बाजूला झुकतो आहे याचा अंदाज देणारे एक साधन इंटरनेटवर मोफत उपलब्ध आहे. त्याचे नाव आयपीएसएस-एम, आणि एमडीएस-रिस्क-मॉडेल डॉट कॉम या पत्त्यावर ते कोणालाही उघडता येते. हे परीक्षण त्या साधनाचे आहे.

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले आहे, वैद्यकशास्त्र नाही. माझ्या थोरल्या दिरांना, आमच्या भाऊजींना, एमडीएसचे निदान झाले तेव्हापासून त्यांची फाईल माझ्याकडे असते, आणि त्या निमित्ताने हे साधन मी अनेक वेळा, वेगवेगळे आकडे घालून, बारकाईने वापरून पाहिले. त्यामागचा शोधनिबंधही वाचला. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते रुग्णाच्या घरातील एका वापरकर्तीचे मत आहे, वैद्यकीय सल्ला म्हणून ते घेऊ नये.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते, कारण तिच्याशिवाय या साधनाचे मोल कळत नाही. एमडीएसची जोखीम मोजण्याची पहिली सर्वमान्य पद्धत, आयपीएसएस, १९९७ साली ८१६ रुग्णांच्या माहितीवरून तयार झाली. २०१२ साली तिची सुधारित आवृत्ती, आयपीएसएस-आर, ७०१२ रुग्णांच्या आधारे आली आणि पुढची दहा वर्षे जगभरातल्या रक्ततज्ज्ञांनी तीच वापरली. या दोन्ही पद्धती रक्तातील पेशींची संख्या, अस्थिमज्जेतील अपरिपक्व ब्लास्ट पेशींचे प्रमाण आणि गुणसूत्रांमधील बिघाड यांवर उभ्या होत्या. एकेका जनुकातील बदल, म्हणजे म्युटेशन, त्यांत धरलेच जात नव्हते. एमडीएसच्या निम्म्याच्या आसपास रुग्णांची गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली अगदी व्यवस्थित दिसतात आणि खरा बिघाड जनुकांच्या पातळीवर दडलेला असतो, हे लक्षात घेतले तर ती उणीव किती मोठी होती हे समजेल.

ती उणीव २०२२ साली भरून निघाली. एल्सा बर्नार्ड, एली पापाएमानुइल आणि त्यांच्या अनेक देशांतील सहकाऱ्यांनी एमडीएसच्या २९५७ रुग्णांचे नमुने घेऊन १५२ जनुके तपासली, कोणता बदल आयुर्मानावर आणि एएमएल होण्याच्या शक्यतेवर किती परिणाम करतो हे मोजले, आणि हाती आलेले प्रारूप जपानमधील ७५४ वेगळ्या रुग्णांवर पडताळून पाहिले. अंतिम हिशेबात ३१ जनुके उरली. जुन्या आयपीएसएस-आर पद्धतीशी तुलना केली तेव्हा ४६ टक्के रुग्णांची श्रेणी बदलली. हा आकडा मला या सगळ्या संशोधनातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जनुकांची तपासणी केली नाही, तर जवळजवळ दर दुसऱ्या रुग्णाला चुकीच्या रांगेत उभे करण्याचा धोका राहतो, असा त्याचा अर्थ आहे.

आता प्रत्यक्ष साधनाकडे वळू. ते उघडण्यासाठी नावनोंदणी लागत नाही, पैसे लागत नाहीत, रुग्णाचे नाव विचारले जात नाही. समोर एक साधा तक्ता येतो. पहिल्या भागात हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि अस्थिमज्जेतील ब्लास्टची टक्केवारी भरायची असते. आपल्याकडच्या माणसाची पहिली अडचण इथेच होते. आपल्या प्रयोगशाळा प्लेटलेटचा आकडा हजारांत किंवा लाखांत देतात, म्हणजे अहवालावर ८५,००० किंवा ०.८५ लाख असे छापलेले असते. या तक्त्यात मात्र तोच आकडा ८५ असा लिहावा लागतो, कारण त्याचे एकक लिटरमागे अब्ज पेशी हे आहे. सामान्य माणसाला हे कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही. एका ओळीची सूचना तिथे असती तर बरे झाले असते.

दुसरा भाग गुणसूत्रांचा. कॅरियोटाइपच्या, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीच्या, अहवालावरून पाच गटांतला एक निवडायचा असतो: अतिउत्तम, उत्तम, मध्यम, खराब आणि अतिखराब. गुणसूत्रे पूर्णपणे सामान्य असतील तर गट ‘उत्तम’ धरला जातो, ‘अतिउत्तम’ नाही, आणि हे अनेकांना चमत्कारिक वाटते. अतिउत्तम गटात फक्त वाय गुणसूत्र गळालेले किंवा अकराव्या गुणसूत्राचा लांब भाग तुटलेला रुग्ण येतात, कारण जुन्या आकडेवारीत त्यांचे आयुर्मान सर्वांत चांगले दिसले होते. सातवे गुणसूत्र गेलेले असेल तर गट खराब होतो, आणि तीनपेक्षा अधिक बिघाड एकत्र असतील तर अतिखराब. हा गट घरच्यांनी अंदाजाने निवडू नये. तो डॉक्टरांना विचारून घ्यावा, कारण इथली चूक सगळा हिशेब फिरवते.

तिसरा भाग जनुकांचा आहे आणि या साधनाचे खरे काम तिथेच होते. ३१ पैकी १६ जनुकांना स्वतंत्र वजन दिलेले आहे. उरलेल्या १५ मध्ये किती बिघडली आहेत याची केवळ मोजणी होते, तीही दोनपर्यंतच. सर्वांत जड वजन टीपी५३ या जनुकाचे आहे, पण त्यातही एक बारकावा आहे. आपल्या प्रत्येक पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात. एकाच प्रतीत बदल झाला असेल तर हे प्रारूप त्यासाठी जोखीम वाढवत नाही. दोन्ही प्रती निकामी झाल्या असतील तर मात्र श्रेणी एकदम वर जाते. म्हणून तक्ता टीपी५३ बद्दल तीन गोष्टी विचारतो: बदल किती सापडले, त्यांतल्या सर्वांत मोठ्या बदलाचे नमुन्यातल्या डीएनएमधले प्रमाण किती टक्के दिसले, आणि दुसरी प्रत हरवल्याचा पुरावा आहे का. हे प्रमाण ५५ टक्क्यांच्या वर असेल तर दुसरी प्रतही गेली आहे असे साधन धरून चालते.

एसएफ३बी१ या जनुकाचा व्यवहारही असाच एकेरी नाही. एरवी ते बिघडणे हे चांगले लक्षण मानले जाते, त्या रुग्णांचा आजार बहुधा संथ असतो. पण त्याच वेळी पाचव्या गुणसूत्राचा लांब भाग गळालेला असेल तर चित्र उलटते आणि जोखीम वाढते. आरयूएनएक्स१ किंवा एसआरएसएफ२ यांसारखा दुसरा बदल सोबत असेल तर एसएफ३बी१चा फायदा मिळत नाही. जनुके एकमेकांच्या सोबतीने वेगळी वागतात, आणि सुट्या अहवालातले एकेक नाव गूगलवर शोधून घाबरणाऱ्या नातेवाइकांना हे कोणी सांगत नाही. हे साधन ती बेरीज-वजाबाकी आपल्यासाठी करते, हा त्याचा मोठा गुण आहे.

भाऊजींच्या अहवालावरून उदाहरण देते. हिमोग्लोबिन ८.४, प्लेटलेट ८५ हजार, ब्लास्ट ४ टक्के, गुणसूत्रे सामान्य. जनुकांत एएसएक्सएल१, एसआरएसएफ२ आणि टीईटी२ या तिघांमध्ये बदल. एवढ्या माहितीतून जनुके वगळली आणि सगळी सामान्य आहेत असे धरले, तर गुण उणे ०.४ च्या आसपास येतो आणि श्रेणी मध्यम-निम्न ठरते. जनुके भरल्यावर तोच गुण ०.३ च्या जवळ जातो आणि श्रेणी मध्यम-उच्च होते. टीईटी२ मात्र कुठे भरायचे हे मी बराच वेळ शोधत होते, कारण अहवालात ते सर्वांत वर छापलेले होते. तक्त्यात ते नाहीच. एमडीएसमध्ये ते वारंवार बिघडलेले सापडते, पण या हिशेबात आयुर्मानाच्या दृष्टीने त्याचे स्वतंत्र वजन टिकले नाही, म्हणून ३१ च्या यादीत त्याला जागा मिळालेली नाही. अहवालात ठळक अक्षरांत छापलेले प्रत्येक नाव सारखेच भीतिदायक नसते, हे मला या तक्त्याने शिकवले.

गुण वाचण्याची रीत सोपी आहे आणि संख्याशास्त्राच्या दृष्टीने नेटकी आहे. शून्य म्हणजे अभ्यासातल्या सरासरी रुग्णाइतकी जोखीम. अधिक एक म्हणजे त्याच्या दुप्पट, उणे एक म्हणजे त्याच्या निम्मी. गुण ०.३ असेल तर जोखीम सरासरीच्या सुमारे सव्वापट आहे असे समजावे. या सलग मोजपट्टीचे पुढे सहा भाग पाडले आहेत: अतिनिम्न, निम्न, मध्यम-निम्न, मध्यम-उच्च, उच्च आणि अत्युच्च. मध्यम-निम्न आणि मध्यम-उच्च यांच्यामधली सीमा बरोबर शून्यावर आहे. त्यामुळे उणे ०.०५ आणि अधिक ०.०५ या दोन रुग्णांमध्ये प्रत्यक्षात काहीच फरक नसतो, तरी श्रेणीची नावे वेगळी येतात. म्हणून श्रेणीच्या नावापेक्षा गुणाचा आकडा पाहावा असे मी आवर्जून सांगेन.

माझ्या मते या साधनाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य म्हणजे माहिती अपुरी असेल तेव्हा ते कसे वागते. एखाद्या जनुकाची तपासणी झालीच नसेल तर ‘माहीत नाही’ असे निवडता येते. साधन मग गप्प बसत नाही किंवा ते जनुक सामान्य आहे असे मनाने ठरवत नाही. ते तीन उत्तरे देते: न तपासलेली जनुके सर्व ठीक निघाली तर काय, सर्व बिघडलेली निघाली तर काय, आणि सरासरीने पाहता काय. भाऊजींच्या बाबतीत हे फार उपयोगी पडले. एका खासगी प्रयोगशाळेने दिलेल्या पहिल्या अहवालात एमएलएल जनुकाच्या एका विशिष्ट बदलाचा, म्हणजे त्या जनुकाचा एक भाग दुबार होण्याचा, कुठेही उल्लेख नव्हता. तो बदल नेहमीच्या एनजीएस पॅनेलमध्ये, म्हणजे अनेक जनुके एकत्र वाचणाऱ्या तपासणीत, सहज सुटू शकतो आणि या प्रारूपात टीपी५३ नंतरच्या सर्वांत जड वजनांपैकी एक त्याचे आहे. ‘माहीत नाही’ निवडल्यावर चांगल्या शक्यतेचा गुण ०.३ च्या जवळच राहिला, पण वाईट शक्यतेचा गुण १.४ पर्यंत गेला, म्हणजे जोखीम सरासरीच्या अडीचपटीहून अधिक आणि श्रेणी सरळ उच्च. एका न झालेल्या तपासणीने एवढी मोठी दरी उघडी ठेवली होती. मी ते तीन आकडे कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवले. त्यांनी ते पाहिले आणि ती स्वतंत्र तपासणी करवून घेतली. तो बदल सापडला नाही, आणि भाऊजींची श्रेणी मध्यम-उच्च हीच कायम राहिली.

बहुतेक साधने, आणि खरे सांगायचे तर बहुतेक अहवालही, आपल्याला काय ठाऊक नाही हे लपवतात. हे साधन ते आकड्यात मांडून दाखवते. संख्याशास्त्राची शिक्षिका म्हणून मला याचा मनापासून आदर वाटतो.

आता खटकलेल्या गोष्टी. पहिली आणि गंभीर गोष्ट म्हणजे हे साधन गुणाबरोबर आयुर्मानाचे आकडेही थेट समोर ठेवते. प्रकाशित अभ्यासात अतिनिम्न श्रेणीचे मध्यक आयुर्मान १०.६ वर्षे, मध्यम-उच्च श्रेणीचे २.८ वर्षे आणि अत्युच्च श्रेणीचे १ वर्ष असे आले आहे. डॉक्टरांना हे आकडे हवेत हे मान्य. पण त्याच पानावर रुग्णही येतो, त्याची मुलगीही येते, आणि रात्री अकरा वाजता मोबाइलवर २.८ हा आकडा पाहिलेल्या माणसाला मध्यक म्हणजे काय हे शांतपणे समजावणारे जवळ कोणी नसते. मध्यक म्हणजे त्या श्रेणीतल्या निम्म्या रुग्णांचे आयुष्य त्याहून अधिक होते. मध्यम-उच्च श्रेणीतही पाच वर्षांच्या पुढे गेलेल्या रुग्णांचा गट लहान नाही. एका माणसाला त्याची वर्षे मोजून देणे हे या आकड्याचे काम नव्हेच. आयुर्मानाचे आकडे पाहण्याआधी ‘हे मला पाहायचे आहे का’ असा एक प्रश्न विचारला गेला, तर साधनाची अचूकता तसूभरही कमी होणार नाही आणि अनेक घरांतली एक रात्र तरी वाचेल. भाऊजींना मी श्रेणी सांगितली. वर्षे सांगितली नाहीत, कारण त्यांनी विचारली नाहीत.

दुसरी गोष्ट भारतीय वापरकर्त्यांशी संबंधित आहे. पाश्चात्त्य देशांत एमडीएस हा प्रामुख्याने सत्तरीच्या आसपासच्या माणसांचा आजार आहे. आपल्याकडच्या केंद्रांना तो त्या मानाने तरुण वयात दिसतो. शिवाय आपल्याकडे क्षय, कुपोषण, बी-१२ ची कमतरता यांमुळेही रक्तपेशींचे आकडे खाली आलेले असू शकतात. बी-१२ भरून काढल्यावर हिमोग्लोबिन वाढणार असेल, तर त्याआधीचा कमी आकडा या तक्त्यात भरणे म्हणजे आजाराच्या खात्यावर भलतीच रक्कम टाकण्यासारखे आहे. त्यामुळे तक्त्यात भरायचे आकडे निदानाच्या वेळचे, उपचार सुरू होण्यापूर्वीचे, पण बाकी कारणे तपासून झाल्यावरचे असावेत. रक्त चढवल्यानंतर दुसऱ्या दिवशीचे हिमोग्लोबिन घालून मिळालेल्या गुणावर समाधान मानणे ही आणखी एक सहज होणारी चूक आहे.

तिसरी अडचण साधनाची नाही, ती आपल्या अहवालांची आहे, पण साधन वापरताना ती पदोपदी जाणवते. भाऊजींच्या त्याच पहिल्या अहवालात बदल सापडलेल्या जनुकांची नावे होती, पण कोणती जनुके तपासून सामान्य निघाली याची यादी शेवटच्या पानावर इतक्या बारीक अक्षरांत होती की भिंग घेऊन वाचावी लागली. यादीत नाव नसणे आणि तपासून सामान्य निघणे या दोन गोष्टींत या तक्त्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकीत ‘माहीत नाही’ भरायचे, दुसरीत ‘सामान्य’. पॅनेलची निवड करण्याआधीच प्रयोगशाळेला विचारावे की आयपीएसएस-एमची ३१ जनुके तुमच्या पॅनेलमध्ये आहेत का, एफएलटी३ आणि एमएलएलच्या त्या दुबार बदलांची तपासणी वेगळी करता का, आणि बदलाचे टक्केवारीतले प्रमाण छापता का. ही तपासणी हजारो रुपयांची असते. पैसे भरल्यावर अहवाल अपुरा निघाला तर पुन्हा नमुना देण्याची वेळ येते, आणि बोन मॅरोची सुई पुन्हा टोचून घेणे ही वयस्कर माणसासाठी किरकोळ गोष्ट नाही.

भाषेबद्दल एकच वाक्य: सगळे इंग्रजीत आहे, आणि वैद्यकीय इंग्रजीत आहे, त्यामुळे सोबत जाणकार माणूस असल्याशिवाय बहुतेक मराठी कुटुंबांना ते वापरता येणार नाही.

आता ज्यासाठी हे सारे करायचे त्याकडे येते. श्रेणी कळल्याने उपचारांचा विचार बदलतो. खालच्या श्रेणीतल्या रुग्णाला गरजेप्रमाणे रक्त देणे, हिमोग्लोबिन वाढवणारी इंजेक्शने आणि नियमित तपासणी यांवर बराच काळ काढता येतो. वरच्या श्रेणीतल्या, वय आणि तब्येत साथ देणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत बोन मॅरो प्रत्यारोपणाचा विचार लवकर करावा लागतो, कारण हा आजार मुळापासून बरा करण्याची शक्यता असलेला उपचार आज तरी तोच आहे. त्यासाठी भावंडांचे एचएलए, म्हणजे दात्याच्या आणि रुग्णाच्या पेशी जुळतात का हे ठरवणाऱ्या खुणा, जुळवून पाहायचे असते, पैशांची तजवीज करायची असते, महिनोन् महिने लागतात. श्रेणी वेळेवर कळली तर ही धावपळ आधी सुरू करता येते. प्रत्यारोपणाचा निर्णय मात्र या गुणावर एकट्याने होत नाही. हृदय, मूत्रपिंड, आधीचे आजार, रुग्णाची स्वतःची इच्छा यांतले काहीच या तक्त्यात विचारलेले नाही.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. हा गुण निदानाच्या वेळच्या स्थितीचा आहे. अझासिटिडिन हे एमडीएसवरचे औषध सुरू झाल्यावर दर महिन्याचे आकडे घालून गुण खाली आला की आनंदून जाणे आणि वर गेला की खचणे, दोन्ही व्यर्थ आहे. प्रारूप त्यासाठी बनवलेले नाही. आजार बदलल्याची शंका आली तर डॉक्टर नव्याने बोन मॅरो करायला सांगतात आणि निर्णय त्या अहवालावर होतो.

एकूण मूल्यमापन विचाराल तर संशोधनाचा पाया, हिशेबातला प्रामाणिकपणा आणि मोफत उपलब्धता यांसाठी मी या साधनाला पाचपैकी साडेचार गुण देईन, आणि रुग्णाच्या बाजूने पाहता, आयुर्मानाचे आकडे ज्या उघडेपणाने समोर येतात त्यासाठी, साडेतीन. रक्ततज्ज्ञांनी ते जरूर वापरावे, आणि पुष्कळजण वापरतातही. घरच्यांनी वापरायचे असेल तर रुग्णाने आधी होकार दिलेला असावा, आकडे डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत, आणि तिन्ही उत्तरे, म्हणजे चांगले, सरासरी आणि वाईट, तारखेसह कागदावर लिहून पुढच्या भेटीला न्यावीत. त्या कागदावर ‘माहीत नाही’ असलेल्या जनुकांची यादी वेगळी करावी, म्हणजे कोणती तपासणी राहिली आहे हा प्रश्न डॉक्टरांना पहिल्या पाच मिनिटांत विचारता येतो.